जिभेवरची वाळू

मंगळवार, दुपार

माऊ,

उजव्या हाताने लिहितो आहे आणि डाव्या हाताने तुझ्या आईचं मनगट गादीवर दाबून धरलं आहे. ती झोपेत हात कोपरात वळवते. वळवला की सलाईन अडतं, अडलं की खांबावरचं यंत्र ओरडतं आणि ओरडलं की नर्सला धावत यावं लागतं. मघाशी ती म्हणाली, "काका, तुम्हीच धरून बसा बघू. माझे पाय गेले." म्हणून धरून बसलो आहे. कागद एका हाताने आवरत नाही. अक्षर सांभाळून घे.

अनेक आशीर्वाद. याच्या आधीची ओळ खोडलेली दिसेल. तिथे "आम्ही दोघं मजेत आहोत" असं लिहिलं गेलं होतं. सवयीने.

आधी एवढं वाच. आई आहे. श्वास नीट चालला आहे. गालांना रंग आला आहे. घाबरण्यासारखं आता काही नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे अगदी या शब्दांत नाही.

तुझा फोन लागला नाही. तुमच्या संस्थेत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, तू पाला गोळा करायला डोंगरात गेली आहेस, तिथे फोन चालत नाही, पण उद्या सकाळी सामान घेऊन जीप आपल्या गावावरूनच वर जाणार आहे. त्याला म्हटलं, जीपबरोबर पत्र देतो. तो म्हणाला, "निरोप सांगा की, मी लिहून घेतो." पत्रच देतो म्हटलं.

खोलीत तीन खाटा आहेत. मधली रिकामी आहे, तिच्यावर नुसती घडी केलेली चादर. पलीकडच्या खाटेवर एक आजोबा आहेत, ते येणाऱ्या जाणाऱ्याला त्यांचं घड्याळ कुणी घेतलं म्हणून विचारतात. घड्याळ त्यांच्या हातात आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं. तिथे एक माणूस गाडी धुतो आहे, आत-बाहेर, पाण्याचा पाइप लावून. ज्या गाडीतून आम्ही आलो तीच. आत धुण्यासारखं काय होतं कोण जाणे.

काय झालं ते सांगतो. थोडक्यात. दुपारी तिची साखर एकदम उतरली. घाम फुटला, बोलणं वेडंवाकडं झालं, मग ती बोलेनाशी झाली. मी साखर दिली. तरी उतरत गेली. शेजारच्या बाई आज शाळेतून लवकर आल्या होत्या, त्यांनी फोन करून गाडी बोलावली. इथे आल्यावर बोटाला सुई टोचली तेव्हा आकडा अठ्ठावीस होता. ग्लुकोज लावलं. आकडा आता चांगला आहे. ती मात्र अजून उठलेली नाही.

तू पाठवलेल्या डब्यात कुठला पाला आहे ते कळव. डब्यावर नुसता नंबर आहे. सहज विचारतो.

नर्सने माझ्यासाठी कॉफी मागवली. कॅन्टीनवाला साखर घालायला विसरला. त्याला हाक मारून म्हटलं, तर तो दारातूनच म्हणाला, "काका, तीन चमचे घातलेत, माझ्या हाताने." मी म्हटलं, "मग ढवळायचं राहिलं असेल." तो म्हणाला, "तुम्ही आधी शांत बसा." बोलण्यात अर्थ नव्हता. अर्धी प्यायलो, अर्धी खिडकीत ठेवली आहे. गरम पाण्यात राख कालवल्यासारखी लागते.

बाइंडिंगचं काम चालू आहे. वाचनालयाचे जुने खंड आले आहेत, पाठी सुटलेल्या, पानं कुरतडलेली. सकाळपासून त्यांनाच खळ लावत बसलो होतो. म्हणून तर जेवायला उशीर झाला. आई दोनदा म्हणाली, "अहो, पानं काय पळून जातात का?" मी म्हटलं, एवढा एक खंड. मग ती चहा ठेवायला गेली. तुझा.

तुला हे ठाऊक नसेल, पण तुझ्या चहाचं तिला किती कौतुक आहे. तू म्हणाली होतीस ना, लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही आतून चढतो आणि पाल्यातलं अँटिऑक्सिडंट तो चढू देत नाही. प्रयोगशाळेत जांभळ्या पाण्यात पाल्याचा अर्क टाकला की पाणी फिकं पडतं, जितकं फिकं तितका पाला चांगला. तेवढं तिने पक्कं धरलं. शेजारच्या बाईंना सांगते, माझी लेक गंज मोजते. मला रोज विचारते, "तुमचा उतरला का थोडा? तुम्हालाच जास्त चढलाय." आणि माझ्यापुढे कप ठेवते. मीही घेतो. कडू लागतो, पण सोबत म्हणून घेतो. साखर आम्ही दोघांनीही सोडली आहे. ती खाणार नाही, तर मी एकट्याने तिच्यासमोर काय खायची. बरणी वरच्या फळीवर मागे गेली.

तिचे आकडे खाली येत होते ते तुला कळवलं होतंच. दर आठवड्याला थोडे कमी. आम्ही दोघंही खूष होतो. ती तर साखर मोजायच्या यंत्राला शाबासकी द्यायची. आकडा खाली येतो म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला माहीत. तो किती खाली यावा हे कुणी विचारलं नाही.

तू फोनवर सांगितलं होतंस. दिवसातून एकदा, फिका, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. पेल्यातल्या पाण्यात जे दिसतं ते माणसाच्या अंगात तसंच होईल असं नाही, पण गोळीच्या जोडीला जास्त झालं तर साखर फार उतरेल, असंही म्हणालीस. मी ऐकलं होतं. तिनेही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पाल्याचं काय विचारायचं डॉक्टरांना? बकरी विचारून खाते का?" तू असतीस तर आपण तिघं हसलो असतो, तसेच आम्ही हसलो.

नर्स आली आहे. थांबतो.

तोच मंगळवार, दिवे लावल्यावर

डॉक्टर येऊन गेल्या. तरुण आहेत, तुझ्याएवढ्या. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, तळपायाला किल्ली ओढली. मग मला दाराशी बोलावून म्हणाल्या, "काका, साखर वर येऊन तीन तास झाले. त्यांनी उठायला हवं होतं. तुम्ही म्हणता, सुरुवातीलाच तोंडातून साखर दिली होती. मग इतक्या खोल कशा गेल्या? मला वाटतं हे नुसतं साखरेचं नसेल. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असू शकते." डोक्याचा स्कॅन करायला हवा. ते यंत्र इथे नाही. मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल, दीड तास गाडीत. मी विचारलं, "वाटेत साखर परत उतरली तर?" त्या म्हणाल्या, "तो धोका आहे. गोळीचा अंमल अजून आहे." मग विचारलं, "घरी दुसरं काही घेतात का? काढा, चहा, पावडर?"

मी म्हणालो, बाजारातला कसलासा चहा. नाव आठवत नाही.

हे मी का म्हणालो ते तुला कळेल. तो डबा तू संस्थेतून दिला होतास. त्यावर तुमचा नंबर आहे. विचारणारे विचारतील, बाईसाहेब, तपासायचा माल घरी कसा गेला? एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. सहज विचारतो असं वर लिहिलं आहे, ते सहज नव्हतं.

त्या गेल्यावर खिडकीतली कॉफी घेतली. थंड, वर साय धरलेली.

माऊ, ती गोड होती.

घोट गिळला आणि कप हातातच राहिला. पुन्हा घेतला. गोडमिट्ट. तीन चमचे असतील. तोच कप. कुणी येऊन साखर घातलेली नाही, मी इथून हललो नव्हतो. दुपारी हीच कॉफी राखेसारखी लागत होती.

आता वर जे थोडक्यात लिहिलं ते नीट लिहितो. मनगट धरलेलं आहे.

ती चहा घेऊन आली तेव्हा आधीच एक कप घेऊन झाला होता. रोज दोन घेते. मला माहीत होतं. आणि उकळून उरलेला पाला ती टाकत नाही. सत्त्व त्यातच राहतं म्हणते. वाटीत काढून चावून खाते. आज मलाही दिला. "कामात आहात, तोंड तरी हलवा." मी खळीचे हात पुसून चघळला. हिरवट, कडू. ती समोर बसून खात होती. मग म्हणाली, "या खुर्चीला सांगा, मधे मधे करू नको." मला वाटलं, थट्टा करते आहे. वर पाहिलं तर कपाळावरून पाणी गळत होतं. मला म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आलात?"

काय करायचं ते ठाऊक होतं. पहिल्यांदा गोळी दिली तेव्हाच सांगितलं होतं, अशा वेळी ताबडतोब साखर तोंडात. स्टुलावर चढून बरणी काढली. चमचाभर तिच्या जिभेवर ठेवली. तिने तोंड वाकडं केलं.

"वाळू," म्हणाली. "वाळू का चारता मला?"

मी म्हटलं, "अगं, साखर आहे, गिळ." ती म्हणाली, "तुम्हीच खाऊन बघा."

मी खाऊन पाहिली. वाळूच होती. दाताखाली कचकच आणि चव काही नाही. अजिबात नाही.

तुला ती फळी माहीत आहे. तिथे माझ्याही बरण्या असतात. खळीला बुरशी धरू नये, झुरळं लागू नयेत म्हणून बोरिक पावडर घालतो, ती तिथेच असते. सगळ्या बरण्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. आई कितीदा ओरडली आहे, चिठ्ठ्या लावा म्हणून. मला वाटलं, मी तिला विष घातलं.

मी तिचं तोंड उघडलं. ती उघडेना, जबडा दाबून उघडलं. दोन बोटं घालून सगळी साखर बाहेर काढली. जिभेखालची, गालातली. तिने चावलं. मग मान खाली करून पाण्याने तोंड धुतलं, दोनदा. ती रडत होती. बरणी मोरीत उलटी केली. त्यानंतर दुसऱ्या बरण्या काढत बसलो. प्रत्येकातलं चाखत होतो. एक खारट लागली, एक तुरट. गोड एकही नाही. साखर घरात नाहीच असं वाटायला लागलं. मग शेजारी धावलो. बाई म्हणाल्या, "घरात साखर नाही?" मी म्हटलं, "आहे, पण ती साखर नाही." त्यांनी मधाची बाटली आणली. तोवर आईचे दात बसले होते.

हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. चुकून विष चारलं असं म्हणायला जीभ उचलली नाही, म्हणून साखर दिली, एवढंच सांगितलं. दिली होतीच. ती काढली हे सांगितलं नाही. कॉफीच्या त्या घोटापर्यंत वाटत होतं, काढलं ते बरंच केलं.

कॉफीनंतर नर्सकडून फोन मागून घेतला आणि शेजारच्या बाईंना लावला. त्यांच्याकडे आपली किल्ली आहे. म्हटलं, मोरीत एक पांढरी पूड सांडली आहे, तिची चव बघून सांगाल का? एवढंसं, जिभेच्या टोकाला. नाही, आधी वास बघा. त्यांना वाटलं असेल, म्हातारा बहकला. फोन चालू ठेवूनच त्या गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग मोरीतल्या दिव्याच्या बटणाचा.

"अहो," त्या म्हणाल्या, "चव कशाला बघायची? मुंग्या लागल्यात. भिंतीपर्यंत रांग आहे."

बोरिकला मुंग्या लागत नाहीत.

मी खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभा राहिलो. पलीकडचे आजोबा म्हणाले, "सापडलं का?" मी म्हणालो, "हो."

आता काय ते तुला कळलंच असेल, मला लिहायची गरज नाही. तुझ्या पाल्याने जिभेवरची गोडी मारली होती. तिची आणि माझीही. साखर साखरच होती. ती तिच्या तोंडात होती आणि मी ती बोटांनी काढली.

यात तुझा दोष शोधत बसू नकोस. शोधशील, मला माहीत आहे.

मला भीती वाटते. ती जाईल याची आहेच. दुसरी भीती अशी, की ती डोळे उघडेल आणि आत ती नसेल. मी विचारलेलं नाही, पण मला दिसतं आहे, डॉक्टर वेळ मोजतात. साखरेवाचून मेंदू किती वेळ राहिला. त्यांच्या हिशोबात तो वेळ थोडा आहे, कारण मी साखर दिली म्हणालो. खरा वेळ त्याहून पुष्कळ जास्त आहे. तो मी धरून बसलो आहे, या मनगटासारखा.

खाली गाडी लावली आहे. धुऊन झाली. चालक दार उघडून बसला आहे. आम्हाला न्यायला आहे की दुसऱ्या कुणाला, ते कळत नाही.

नर्सला सांगतो, हात जरा धर. डॉक्टरांकडे जाऊन येतो.

आलो.

त्या जेवत होत्या. डबा बाजूला सारून उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, मला उभ्यानेच सांगायचं आहे. सगळं सांगितलं. डबा कुणी दिला तेही. दोन कप, चावलेला पाला, वाळू, बोटं. बोटावरचे दातांचे वण दाखवले. का दाखवले कोण जाणे.

त्या म्हणाल्या, "मधुनाशिनी असेल त्यात. तास-दीड तास गोड कळत नाही. पुस्तकात वाचलं होतं, असं घडलेलं ऐकलं नव्हतं." मग म्हणाल्या, "पाला एकटा इतकं करत नाही, काका. गोळी, पाला आणि उपाशी पोट, तिन्ही मिळून झालं. आणि साखर पोटात गेलीच नाही. म्हणजे साखर देऊनही खोल गेल्या असं नव्हतंच."

मी विचारलं, "मग स्कॅन?"

"आज हलवत नाही. इथेच ठेवू, दर तासाला साखर बघू. दुसरं काही असण्याची शंका आता कमी झाली." त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी खोडलं. "पण वेळ जास्त गेला, काका. सांगितलंत ते बरं झालं. दुपारीच सांगितलं असतंत तर..." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

विचारायचं होतं ते विचारलंच. "ती पहिल्यासारखी होईल?"

"सकाळी त्यांच्याशी बोलून बघू," त्या म्हणाल्या.

मी परत येऊन मनगट धरलं आहे. नर्सने हातावर एक फळी बांधून दिली, आता धरायची गरज नाही. तरी धरलं आहे.

बुधवार, सकाळ

जीप निघायच्या आत हे द्यायचं आहे, म्हणून घाईत.

उजाडताना तिने डोळे उघडले. छताकडे पाहत राहिली. मी हाक मारली नाही. मला धीर झाला नाही. डॉक्टर आल्या, वाकून म्हणाल्या, "काकू, मी कोण?" आई म्हणाली, "तुम्ही सांगा." वार विचारला तर रविवार म्हणाली. बोट वर करा म्हटलं, तर दोन्ही हातांची केली. डॉक्टर म्हणाल्या, पाय हलतात, गिळता येतं, बोलणं स्वच्छ आहे, बाकीचं काही दिवसांनी कळेल. दुपारी परत विचारतील.

त्या गेल्यावर तिने मला खूण करून जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "आपण कुणाकडे आलोय?"

मी म्हटलं, "दवाखाना आहे हा."

"बरं. पण आता निघू या. लोकांना किती त्रास." जरा थांबून म्हणाली, "रात्री राहायचं ठरलं नव्हतं ना आपलं?"

मी म्हटलं, "निघू. जरा वेळाने." ती डोळे मिटून पडली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "दाढी नाही केलीत."

आता कागदाचा आवाज ऐकून तिने विचारलं, काय लिहिताय. तुला पत्र लिहितोय म्हणून सांगितलं. तिने तुझं नाव घेतलं नाही, तू कशी आहेस हेही विचारलं नाही. मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "खाली दोघांचं नाव लिहू?"

"मग काय एकट्याचं लिहिणार?" ती म्हणाली.

आई-बाबा